फोटोत न दिसणारी बाई

कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं आणि मी तुडुमाच्या दगडांवर टॉर्च फिरवत होते. तेवढ्यात तलावाच्या बांधावरून आवाज आला.

“कोन हाय तेथं? तुडुमावर टॉर्च कायले फिरवून राहिला?”

तुडूम म्हणजे तलावातून शेतांकडे पाणी सोडायचं दार. माझा गोंदियात स्टुडिओ आहे. घर लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं. बाकीच्या दिवसांत मी हौशी लोकांना फोटोग्राफी शिकवते. त्या संध्याकाळी लाइट पेंटिंगचा क्लास होता. अंधार पडला की कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि टॉर्चने हवं तेवढंच उजळायचं. जिथे उजेड पडतो ते फोटोत उमटतं, बाकी काळं राहतं. टॉर्च हाच ब्रश. आणि रंगवणारी बाई काळे कपडे घालून सारखी हलत राहिली, तर ती फोटोत येतच नाही.

क्लासच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘कॅमेऱ्याला बल्ब मोड हवा.’ म्हणजे आपण सोडेपर्यंत शटर उघडं ठेवायची सोय. आमचे कापडवाले विक्कीभैया रुमालात गुंडाळून खराखुरा बल्ब घेऊन आले. “मॅडम, होल्डर कहाँ है?” हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग त्यांनाच माझ्या कॅमेऱ्याच्या शटरवर बसवलं.

गाव रूपचंदभाऊंचं. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, तेव्हापासूनची ओळख. तलाव त्यांच्याच घराण्यातल्या जुन्या माणसांनी बांधलेला. कोणाला कधी पाणी सोडायचं ते गावाने यंदा त्यांच्यावर सोपवलं होतं. तिरोड्याच्या बाजूचं आभाळ तिथल्या वीज प्लांटच्या दिव्यांनी रात्रभर तांबूस असतं, फोटो खराब होतो, म्हणून तिकडे पाठ करून कॅमेरा लावायचा ठरलं. फोकस अंधारात जमत नाही, तो मी उजेड असतानाच लावून घेतला. तुडूम झिरपत होतं, पायाखाली चिखल झाला होता. स्टँड उचलून कोरड्यात नेला.

आम्ही येणार हे रूपचंदभाऊंनी शेजारपाजारी सांगितलं होतं. कालव्याच्या शेवटाला ज्यांची शेतं, त्यांना सांगायचं राहून गेलं. आणि अंधारात तुडुमावर उजेड दिसला की कोणीतरी पाणी पळवतंय, असंच तिथे समजतात.

ओरडणारा मोरेश्वर होता. त्याच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, अगदी शेवटच्या. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आला होता. आत्ता पाणी चुकलं तर दाणा पोचट. मागे काठ्या घेतलेली तीन-चार माणसं. त्याने कालव्यात टॉर्च मारला. पाण्याची बारीक धार चालू होती.

“पानी सोडलं ना, रूपचंद? पाहुन्याइचं नाव सांगून आपल्याच बांध्या भरून राहिला?”

“मी हात नाई लावला. तुडूम झिरपते, तुले मालूम हाय.”

“उद्या गावासमोर सांग. तुले पान्यावर कोन ठेवते तेच पाहतो.”

रूपचंदभाऊंचा चेहरा उतरला. ज्यांच्या घराण्याने तलाव बांधला, त्यांच्याच माणसाला त्या काठावर पाणीचोर म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

विक्कीभैया पुढे झाले. “अरे भाई, फोटो है ना! देख लो.” त्यांनी कॅमेऱ्याची स्क्रीन मोरेश्वरसमोर धरली. फोटो झकास आला होता. पिवळेधमक दगड, भोवती काळोख, माणसाचा मागमूस नाही. मोरेश्वरने निरखून पाहिलं. काठ्या खाली आल्या.

“कोनीच नाई दिसत,” तो म्हणाला.

रूपचंदभाऊंनी श्वास सोडला. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटत होतं. गप्प बसावंसं वाटलंही. पण फोटोच्या धंद्यात इतकी वर्षं काढून फोटोची अशी खोटी साक्ष मला गिळवेना.

“मोरेश्वरभाऊ, यावर जाऊ नका,” मी म्हटलं. “हा फोटो निघाला तेव्हा मी तुडुमाला लागूनच फिरत होते. शोधा मला यात.”

त्याने शोधलं. मी नव्हतेच. मग मी त्यालाच तुडुमासमोरून न थांबता चालायला लावलं आणि उजेड फक्त दगडांवर टाकला. फोटो पाहून तो चमकला.

“मी तं नाईच!”

मागचे हसले. तो हसला नाही. “मंग रूपचंदबी असू शकते ना तेथं?”

“फोटोवरून म्हणाल तर असू शकतात.”

रूपचंदभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की धाकटीच्या लग्नाची ऑर्डर गेली, हे मी समजून चुकले.

“पण तिथे मी होते,” मी म्हटलं. “उजेड असतानाच आले. पाणी तेव्हाही झिरपत होतं, त्या चिखलापायी मी स्टँड हलवला. तेव्हापासून तुडुमापासून हलले नाही. रूपचंदभाऊ जवळसुद्धा आले नाहीत. हे मी सांगते, फोटो नाही सांगत. पटलं तर घ्या.”

मोरेश्वर काठीने माती उकरत राहिला.

“जे बाई आपल्याच फोटोले खोटं म्हनते,” शेवटी तो म्हणाला, “ते आपल्याले कायले फसवन?” मग रूपचंदभाऊंकडे वळला. “चाल, तनस आन. झिरप बुजवू. उगा पानी वाया जाऊन राहिलं.”

दोघंही चिखलात उतरले आणि एकमेकांवर खेकसत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि माती कोंबू लागले. विक्कीभैयांनी टॉर्च धरला. क्लास तिथेच आटोपला.

रूपचंदभाऊ पाण्यावर कायम राहिले. मोरेश्वरचा धान भरला. धाकटीच्या लग्नाची ऑर्डर मात्र दुसऱ्या स्टुडिओला गेली. माझा फोटो अजून मला आवडतो.

आता नव्या बॅचला मी आधी दोन गोष्टी सांगते. गावात टॉर्च घेऊन जायचं असेल, तर कालव्याच्या शेवटच्या शेतवाल्याला सगळ्यांत आधी कळवा. आणि फोटो दाखवून कोणी म्हणालं की तिथे कोणीच नव्हतं, तर फोटो काढणाऱ्याला विचारा, तू कुठे होतास?