पाहुण्यापुरता गॅस

गरिबी मोजायचं काम आमच्या शाळेकडे आलं, तेव्हा वाटलं होतं दोन दिवसांत उरकेल. मोबाइलवर प्रश्न, समोर हो किंवा नाही. घरात कोणी शिकलंय का, संडास आहे का, स्वयंपाक कशावर होतो. मास्तरकीत केस पिकलेल्या माणसाला एवढं जमू नये?

डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीत एकटी राहणारी एक म्हातारी होती. भिंती कुडाच्या, छपरावर प्लॅस्टिकचा कागद. याच माहितीवरून घरकुलाची यादी निघणार, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने शेजारून खुर्ची आणली, गॅस पेटवला आणि कोरा चहा ठेवला. मी डोळ्यांनी पाहिलं तेच भरलं, स्वयंपाक गॅसवर. संडास होता, त्यात सरपण रचलेलं. भरलं, आहे. मुलगा दहावी झालेला, मंचरला कामाला, दिवाळीला येतो. रेशन कार्डावर त्याचं नाव, म्हणून घर शिकलेलं.

यादीत तिचं नाव आलं नाही. भरलेल्या माहितीच्या दुरुस्तीला चार दिवस होते, म्हणून न कळवता गेलो. म्हातारी चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गॅसवर जुनं लुगडं पांघरलेलं. शेजारीण म्हणाली, एक टाकी दोन वर्षं पुरते, पाहुणा आला तरच पेटते.

मी चिडलोच. कोणावर, ते नीट सांगता येणार नाही. मला तेव्हाच का नाही सांगितलं, असं विचारलं.

"पावण्याला धुरात बसवायचं व्हय, गुरुजी?" एवढं बोलून ती गॅसकडे वळलीसुद्धा.

दुरुस्तीला स्वयंपाकाचा फोटो लागणार होता. फोटो म्हटल्यावर तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि गॅस पुसून पुढे ओढला. आता हिला काय सांगायचं? शेवटी म्हटलं, "आजी, गॅस झाका. चुलीपाशी बसा, मघाचंच लुगडं नेसून."

ती बसली. फोटोत तिने माझ्याकडे पाहिलेलं नाही.

घरकुल मिळालं. भिंती विटांच्या झाल्या. त्या बाजूला गेलो की मी डोकावतो, ती बसायला सांगते, चहा देते. गॅस कोपऱ्यात झाकलेलाच असतो. माझा चहा आता चुलीवर होतो. तिने मला घरचं मानलं, की माझ्यापुढे झाकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, ते विचारायचं मला धाडस होत नाही. धुराने डोळे चुरचुरतात आणि मी चहा पितो.