अभ्यासिकेतली रॅम

पारोळ्यात आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिथला कॉम्प्युटर मी दिलेला. आमच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर लिलावात काढले तेव्हा मी अगदी सारखे दोन घेतले. एक घरी ठेवला, दुसरा अभ्यासिकेला दिला आणि त्याबद्दल शाल-श्रीफळही घेतलं. त्याची देखभालही माझ्याकडेच होती, त्यामुळे तो अजून माझाच आहे असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

निवृत्त झाल्यावर मला एक खूळ लागलं. निरोप समारंभाच्या फोटोंची, मागे गाणी लावून, फिल्म करायची. घरचा कॉम्प्युटर निम्म्यावर आला की गोठायचा. रॅम वाढवावी म्हणून त्यातली एक पट्टी रुमालात गुंडाळून मी जळगावला नेली. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली.

"नाना, ही जुन्या पिढीची आहे. आता नव्या येतात त्या तुमच्या मशीनमध्ये बसणार नाहीत, मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावाल तर बोर्ड जाईल. अशीच जुनी मागवून देतो, पंधरा दिवस लागतील."

पंधरा दिवस! नोकरीत लोकांना महिनोन्‌महिने थांबायला लावणारा मी, पण स्वतः थांबायचं म्हटल्यावर अंगावर काटा आला. एसटीत परत येतानाच आठवलं, अशीच पट्टी अभ्यासिकेत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर, धूळ साफ करायच्या नावाखाली मी तिथला कॉम्प्युटर उघडला आणि दोनातली एक पट्टी काढून घेतली. माझ्या मशीनच्या रिकाम्या जागेत ती टकदिशी बसली. पंधरा दिवसांपुरतीच, असं मनाला सांगितलं. पुढे दुकानदाराचा फोन आला, पट्टी आलीय म्हणून. मी म्हणालो, "आता गरज नाही." ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

अभ्यासिकेतल्या त्या मशीनवर वस्तीतली एक सून मराठी टायपिंगचा सराव करायची. दिवसभर शिलाई, संध्याकाळी तासभर इथे. परीक्षा पास झाली तर एका कार्यालयातल्या कंत्राटी जागेसाठी तिला अर्ज करता येणार होता. एक दिवस ती मला म्हणाली, "नाना, मना हात जड शेतस. मी दाबस, पण अक्षर लवकर उमटत नई. मंग बठ्ठं एकदम येस."

अक्षरं रेंगाळून मग सगळी एकदम का उमटतात, याचं कारण मला माहीत होतं. त्या मशीनची निम्मी रॅम माझ्या घरी माझ्याच सत्काराचे फोटो फिरवत होती. तरी चेहरा गंभीर करून मी म्हणालो, "तुना सराव कमी पडस."

तिने ते खरं मानलं. तासाचे दोन तास केले.

परीक्षेत ती नापास झाली. सांगायला आली तेव्हा रडत नव्हती, उलट मलाच समजावत होती. "तठलं मशीन भलतं चपळ व्हतं, नाना. मनाच हात थांबी थांबी चाले. वेळ पुरना नई."

मी त्याच दुपारी पट्टी परत नेऊन बसवली. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, कारण स्वतःहून सांगायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी ती सरावाला बसली आणि हरखून सगळ्यांना सांगायला लागली, "नानानी मशीन नीट करी दिन्हं!" चार लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी नको-नको म्हणत हसलो. इतका हलकट मी आधी कधी झालो नव्हतो.

मग मी तिच्या मागे उभा राहून पाहत राहिलो. ती एक कळ दाबायची, अक्षर लगेच उमटायचं. तरी तिचं बोट सवयीने तसंच वर धरलेलं राहायचं आणि ती पडद्याकडे बघत थांबायची.