गार राख

वडसा गावातल्या एका राइस मिलमध्ये धानाच्या गाड्या काट्यावर मोजणारे एक गृहस्थ आहेत. आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणतो. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायांच्या नसा पोखरल्यात आणि तळव्यांत सदा आग पेटलेली असते. पण मौज अशी, की आपल्या पायांशी ते बोलतात, तेही अदबीने! पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून म्हणतात, "बसा जी, उगे बसा. एवढी गाडी मोजू द्या." मग आमच्याकडे वळून, "डावे शहाणे आहेत. उजवे लय तापट!"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अनवाणी फिरू नका, काही लागलं तर कळायचं नाही, असं बजावलं. गोळ्या ते घेतात. चपला मात्र बोचतात म्हणून काखेत.

परवा दुपारी बोलता बोलता ते बॉयलरमागच्या कोंड्याच्या राखेत शिरले, पार घोट्यापर्यंत. मी ओरडलो, "भाऊ, आत निखारे असतात!"

"नाई जी, कालची आहे. विझली." त्यांनी डोळे मिटले. "आहा! दोघंही चूप झाले."

असं सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मग वास आला, कातडी करपल्याचा.

दंडाला धरून मी त्यांना बाहेर ओढलं. पावलं निघाली तिथे राख आतून लालभडक होती. उजव्या तळव्याची साल लोंबत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते माझ्याकडे, डोळ्यांत पाणी आणून.

"काऊन ओढलं जी? इतक्या वर्षांनी पायाले गार लागून राह्यलं होतं."