आमिनाने मागितलेली माफी

हो, माफ केलं मी तिला.
एकदा नाही, तीनदा.

सकाळपासून वाडीतल्या बायका हेच विचारतायत. आमिनाने काल सुनेला बाहेर पाठवून शालनकडे, म्हणजे माझ्याकडे, कसली माफी मागितली?
एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथेच पोस्ट टाकते.

आमिना माझी शेजारीण. आमच्यामध्ये एक कुंपण, त्यालाही आम्ही भोक पाडून ठेवलेलं.

तिचा माणूस आणि माझा घोव, दोघांची मिळून एक होडी. अठरा वर्षांपूर्वी बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असताना दोघे दर्यात गेले.
होडी दुसऱ्या दिवशी सापडली. ते नाही सापडले.

एकाच दिवशी आम्ही दोघी विधवा.

तेव्हापासून रोज दुपारी तिच्या मागच्या पडवीत मासे साफ करायला बसायचो. मेल्यानंतर काय होतं ते ती सांगायची. मी चेष्टा करायची.

"माणसाच्या दोन्ही खांद्यांर फरिश्ते आसत. उजवो बरा लिवता, डावो वायट लिवता."
"माझ्या डाव्याक ओव्हरटाइम दे गो. उजवो कायमचो रजेर आसा."
ती हसू दाबायची. "डावो पण दयाळू आसा, शालन. माणूस पस्तावता काय ता बघता, वायच थांबता. मगेच लिवता."

वाईट लिहिणारासुद्धा थांबतो.
आमच्या वाडीत कोण थांबतं?

एकदा म्हणाली, "कयामतीच्या दिसा तोंडाक कुलूप. काय केलंस ता हात सांगतले. खंय गेलंस ता पाय सांगतले."
"म्हणजे माझी वकिली बंद."
"तुझी पयली."

हसलो दोघी. मग मी माझ्या हातांकडे बघितलं. माशाचं रक्त लागलेलं.
इतकी वर्षं मी समजत होते, हे हात माझ्या बाजूचे आहेत.

माझा एकच हट्ट असायचा. "सगळा तुझ्या अल्लान आधीच लिवलेला आसा, तर मगे माणसाक विचारूचा कित्याक?"

ती हातातला मासा खाली ठेवायची.
"वारो त्याचो. भरती त्याची. मरणाची येळ त्याची. सुकाणू तेवढा तुझ्या हातात दिल्यान. विचारतलो ता सुकाणूचा."

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. देवळात कीर्तनं ऐकली. असं कुणी मला समजावलं नव्हतं.

या महिन्यात तिने अंथरूण धरलं.
त्यांच्यात मरणाआधी सगळ्यांकडून बोललं-चाललं माफ करून घेतात. अल्ला स्वतःविरुद्धचे गुन्हे माफ करतो, पण माणसाला दुखवलं असेल तर ते त्या माणसानेच माफ करायचं.
तिने अख्खी वाडी बोलावली. जिच्यावर तिने कोंबडी चोरल्याचा आळ घेतला होता, त्या म्हातारीलासुद्धा.

काल दुपारी माझी पाळी.

"काय गो, माझा काय चोरलंस?"
ती हसली नाही. सुनेला बाहेर पाठवलं.

"त्या दिसा आमचे दर्यात जावक तयार नाय होते. बावटो बघून परत इलेले. मीच बोललंय, किती दिस घरात बसतल्यात? ते उठले. तुझ्या घोवाक हाक मारूक गेले."

अठरा वर्षं हे तिच्या पोटात.

मी म्हटलं, "जावंदे गो. लिवलेला होता. तूच सांगतंस ना?"

"मरण लिवलेला होता, शालन. जीभ माझी होती."

पळवाट समोर होती. मी हाताला धरून दाखवत होते.
ती गेली नाही तिथून.

"माझा बाकीचा सगळा तो माफ करीत. पण ह्या तुझा आसा. तू बोलल्याशिवाय तो पण करूचो नाय."

तिने माझा हात धरला.
ज्याने हा दर्या केला तो माझ्या एका शब्दासाठी थांबलेला. मासे विकणाऱ्या बाईच्या शब्दासाठी.

"केलंय माफ," मी म्हटलं.
तिने परत विचारलं. मी परत म्हटलं.
तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने माझा हात सोडला आणि डोळे मिटले.

आज पहाटे गेली. दुपारच्या नमाजानंतर तिला नेलं.
माझ्या मुलानेही खांदा दिला, तीन मुठी माती घातली.

ती सांगायची, माणसं परत फिरली की त्यांच्या पावलांचा आवाज मयताला ऐकू येतो. तो आवाज लांब गेला की दोन फरिश्ते येतात, उठवून बसवतात, प्रश्न विचारतात.

मुलगा आत्ताच घरी आला.
"सगळे परतले?" मी विचारलं.
"परतले."

म्हणजे सुरू झालं.

मी पायरीवर बसलेय. शेजारी कुणाचातरी कुकर शिट्ट्या देतोय. जाळी वाळत पडलीयत. आणि इथून हाकेच्या अंतरावर, मातीखाली, आमिनाला विचारतायत, तुझा रब कोण?
मला श्वास मोठ्याने घ्यायची भीती वाटतेय.

आमिना, भियां नको गो. तुझो अभ्यास झालेलो आसा.
फक्त माझा नाव सांगू नको, मार्क कापतले.

नीज आता सुखान. तुझ्या शेजारणीचो तुका शेवटचो नमस्कार.

आणि एक. हे कुणालाच माहीत नाही.

त्या सकाळी तुझ्या माणसाने हाक मारली तेव्हा माझा घोव अंथरुणात होता. तोंडावर चादर घेऊन म्हणाला, "मी नाय येणा. बावटो लागलो हा."
चादर मी ओढली. म्हटलं, "भियाळो खंयचो. ऊठ."

होडी एकट्याने जाणारी नव्हती. माझा उठला नसता तर तुझाही गेला नसता.

काल माफी मी मागायला पाहिजे होती.
मी मागितली नाही.