परक्या झेंड्याचं जहाज

भूकंपात गाव गेलं, वडील गेले. आई आम्हा बहीणभावांना घेऊन लातूरला आली आणि क्लासच्या पोरांसाठी मेस चालवू लागली. त्या पोरांच्या संगतीत शिकून माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनियर झाला. घरात तोवर कुणी समुद्र पाहिला नव्हता.

एकदा तो मुदतीआधीच परतला. एका संध्याकाळी आई भाकरी थापत असताना तिच्याजवळ बसून बोलू लागला. इंजिनाखाली साचलेलं तेलकट पाणी यंत्रातून गाळूनच समुद्रात सोडायचं असतं. वरिष्ठानं त्याला ते यंत्र टाळून पाणी थेट बाहेर टाकणारा पाइप जोडायला सांगितलं. यानं नकार दिला. दुसऱ्यानं जोडला. जहाजामागं लांबवर तवंग पसरला. त्यात उतरलेल्या पक्ष्यांना पुन्हा उडता येईना. पुढच्या बंदरात याला उतरवून दिलं.

"मालकाला सांगायचं की," आई म्हणाली.

"मालकाचाच खर्च वाचतो त्यात."

"मग जहाजावर झेंडा ज्या देशाचा हाय, त्यांना?"

"ते पैसे घेऊन नाव तेवढं नोंदवतेत, आई. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा. त्या देशाच्या बंदरात ते जहाज कधी गेलंच न्हाई. मी कळवलं, कुणी उत्तर दिलं न्हाई."

आईचा हात थांबला. एका उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याच्या पिंपात रॉकेल सांडलं, तेव्हा ते सगळं पाणी ओतून देताना ती रडली होती.

"त्या पाण्यात तर जीव राहतेत रे," ती हळूच म्हणाली.

जहाज पुढं ज्या बंदरात जाणार होतं, तिथल्या तपासनिसांना भावानं जहाजावरून उतरण्याआधी काढलेला पाइपचा फोटो पाठवला. त्यांनी जहाज अडवून दंड केला. आम्हाला बरं वाटलं. पण काही महिन्यांनी जुन्या सोबत्याचा फोन आला. तेच जहाज नवं नाव, नवा झेंडा लावून पुन्हा चालू झालं होतं. भावाला मात्र कुणी कामावर घेईना.

काही वर्षं त्यानं क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवलं. मग आपल्याच देशात नोंदलेल्या एका लहान जहाजावर, कमी पगारात, काम मिळालं.

"तिथंबी असंच करायला लावलं तर?" मी विचारलं.

"तर तक्रार घेऊन कुठं जायचं, ते तरी ठाऊक हाय," तो म्हणाला.

आईनं त्याला अडवलं नाही. स्टेशनवर मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली.