डांबर लागलं की इंजिन बंद

डांबर सुरू व्हायच्या हातभर आधी सुभेदार इंजिन बंद करायचे, किल्ली काढून डोक्यावर उंच धरायचे आणि दोन्ही बाजूंना वळून दाखवायचे. रस्त्यावर कुणी असो वा नसो. मग किल्ली खिशात टाकून, बायकोला गाडीवर तशीच बसवून, मागून ढकलायला लागायचे.

गाडी म्हणजे मोटरसायकलचं हँडल आणि चार जाडजूड चाकं. समुद्रकिनारी पर्यटकांना वाळूवर फिरवतात ती. माणूस कराडकडचा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. मुलगा मोहालीत नोकरीला, म्हणून चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरजवळच्या एका गावात राहिलेला. शेजारच्या सरदारजींकडून पाऊण एकर कसायला घेतलेलं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर त्या एकदा बांधावर पडल्या आणि चालायची धास्तीच घेतली. पण शेतावर गेल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. गाडी आली ती त्यासाठी.

मी चंदीगडात मोटार विम्याचं काम करते. सुभेदार पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आले ते या गाडीचा विमा काढायला. मी बिल पाहिलं आणि सांगितलं, "हिची नोंदणी होत नाही. नंबर नाही, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. रस्त्याचा विमा मी कशाचा देऊ?"

असं सांगितलं की लोक भांडतात, ओळखी काढतात. यांचा चेहरा उजळला.

"बरोबर! आधी दोघा विमावाल्यांना विचारलं. दोघंही म्हणाले, करून देतो."

"म्हणजे माझी परीक्षा घेत होता?"

"पास झालात, ताई. आता माझ्या स्कूटरचा विमा काढा."

"आणि ही चालवणार कुठं?"

"खाजगी जमिनीवर. कागद नाही, तर रस्ता नाही."

इथं राहणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली असेलच. पंजाबातल्या खरड गावाकडून येणारी मंडळी चंदीगडची हद्द लागली की तिथल्या कडक पोलिसांच्या धाकानं घाईघाईनं सीटचा पट्टा ओढतात. सुभेदार मुलाच्या गाडीत स्वतःच्या फाटकापासून पट्टा लावून बसायचे, आणि मुलानं लावला नसेल तर उतरायचे.

घरापासून शेतापर्यंतची वाट सरदारजींच्या मालकीची, मातीची. तिथं गाडी बिनघोर चालायची. वहिनी मागे बसून सूचना द्यायच्या. मग शेजारी नवी वसाहत उठली, वाट रुंद झाली, सरकारजमा झाली आणि एक दिवस तिच्यावर डांबर पडलं. मधली सरळ दोनशे पावलं. त्या दिवसापासून सुभेदारांनी ढकलायला सुरुवात केली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि वाहतूक पोलिसांच्या नोटिशीची वाट पाहणारा तो माणूस नव्हता.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, चाकाची खुर्ची घ्या, तिला नोंदणी लागत नाही. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला. "खुर्चीत बसवून नेलंत तर गाव म्हणेल, म्हातारी संपली. गाडीवर मी राणीसारखी जाते."

राणी रोज सकाळी जायची आणि मागे तिचा घामाघूम घोडा. बाजूनं ट्रकएवढ्या टायरच्या, काळ्या काचांच्या जीपगाड्या गाणी वाजवत जायच्या. एकदा एका हवालदारालाच दया आली.

"बाबाजी, स्टार्ट कर लो. यहाँ कौन देख रहा है?"

"आप देख रहे हो ना, जी."

हवालदार हसला आणि त्यानं स्वतःच शंभर पावलं धक्का मारला.

वहिनींनी त्या वर्षी दोन गुंठे ज्वारी पेरली होती. सरदारजींच्या घरच्या बायका पोट धरून हसायच्या. "आंटीजी, ये चरी तो हमारी भैंसें खाती हैं!" वहिनी म्हणायच्या, "म्हशींना कळतं, तुम्हाला नाही." हुरड्याला मला बोलावणंही देऊन ठेवलं होतं.

कणसं भरली, पोपट यायला लागले आणि नेमकी सुभेदारांची कंबर गेली. डॉक्टरांनी गाडी ढकलायला बंदी केली. सरदारजींची माणसं भाताच्या कापणीत अडकलेली. पोपट हाकायला शेतावर कुणी नाही, नि घरात वहिनी अबोल. तीन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, चालवा ना दोनशे पावलं. मीही फोनवर म्हटलं, "आजारपण आहे, थोडे दिवस अपवाद करा."

पलीकडून सुभेदार अगदी हळू म्हणाले, "ताई, हे तुम्ही सांगताय?"

मी फोन ठेवला. रविवारी सकाळी जुने बूट घातले आणि मुल्लानपूर गाठलं. मीच ढकलणार होते.

आता ती दोघं इथं नाहीत. मुलाची बदली झाली आणि ती कराडला परतली. सुभेदारांचं नाव निघालं की मला तो रविवारच आठवतो.

त्या सकाळी गाडी डांबराच्या कडेला उभी होती. वहिनी वर बसलेल्या, नजर शेताकडे. हिरवा थवाच्या थवा ज्वारीत उतरत होता. मी बाह्या सारल्या, तेवढ्यात सुभेदार मला बाजूला करून स्वतः वाकले आणि कंबरेवर हात ठेवून तसेच थबकले. वहिनींनी वळून पाहिलं. पुन्हा शेताकडे पाहिलं. मग एक पाय खाली सोडला, दुसरा सोडला आणि गाडीच्या मागचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"तुम्ही नुसतं हँडल धरा," त्या म्हणाल्या. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

"अगं, पडशील—"

"चला. ब्रेक सोडा."

मी एका बाजूनं जोर लावला. गाडी हलली, तिच्यामागे वहिनी. एक पाऊल, मग दुसरं. मागे एका जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, वहिनींनी मान न वळवता त्याच्या सात पिढ्यांचा समाचार घेतला. पन्नास पावलांनंतर त्या नवऱ्याला शिव्या देऊ लागल्या, शंभरानंतर पोपटांना. शेवटी-शेवटी तर मलाच भराभर पाय उचलावे लागत होते.

डांबर संपलं. सुभेदारांनी सीटवरची धूळ हातानं झटकली. "बस आता," ते म्हणाले.

कठड्यापाशी कुणी नव्हतं. वहिनी बांध ओलांडून ज्वारीत शिरल्या होत्या. ताटं डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे त्या दिसेनाशाच झाल्या. फक्त पोपट भर्रकन उठले आणि आतून आवाज आला,

"अहो, उभे काय राहिलात? गोफण आणा!"