बीव्हरच्या कातड्यावरचा काळा धागा

आखातातल्या अल क्वोजच्या आमच्या गोदामात आम्ही भर ऑगस्टात स्वेटर घालून काम करायचो. बाहेर पंचेचाळीस अंश, आत दहा. रुंद हँगरवर फरचे कोट, खाली मांडण्यांवर कमावलेली कातडी, बहुतेक कॅनडाची. तिकडे लिलावाची मोठी घरं बंद पडत होती, युरोपातली दुकानं फर ठेवेनाशी झाली होती, आणि जंगलात सापळे लावणाऱ्या म्हाताऱ्यांची मुलं ते काम करायला तयार नव्हती. शेकडो वर्षं चाललेल्या धंद्याचा उरलेला माल असा वाळवंटात येऊन थांबायचा. मग रशिया, कझाकस्तानची गिऱ्हाइकं तो घेऊन जायची.

मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो, घरातला पहिला पदवीधर. ही नोकरी मला आमच्या मॅनेजरसाहेबांनी दिली. साहेब पुण्याचे, त्यांचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये. त्यांचे उपकार मी आजही नाकारत नाही. माझं इंग्रजी त्यांना झेडपीच्या फळ्यावरचं वाटे, म्हणून ते मला 'गुरुजी' म्हणत. मी हसून घ्यायचो.

माल पारखायचे ते चाचा, श्रीनगरचे, तीस वर्षं याच मालकाकडे. त्यांनी मला फुंकर मारायला शिकवलं. कातडं हातावर घ्यायचं आणि केसांवर हळू फुंकायचं. बीव्हर म्हणजे थंड नद्यांत राहणारा केसाळ प्राणी; त्याची लव इतकी दाट असते की फुंकरीनंसुद्धा खालची कातडी दिसत नाही. दिसली तर तो बीव्हर नाही. खऱ्या मालाला पांढरा धागा बांधायचा, शंकेच्या मालाला काळा. काळ्या धाग्याचा माल चाचा गोदामातूनच परत पाठवत. त्यामुळे असला माल येतो, हे ऑफिसला कधी कळलंच नाही.

एकदा मालक यायचे होते, तेव्हा सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून साहेबांनी कोटांना प्लास्टिकची कव्हरं घालायला लावली. फरला हवा लागते, सुती कापडाशिवाय काही चालत नाही, असं चाचा परोपरीनं सांगत होते. साहेबांनी ऐकलं नाही. पुढं आत ओल धरली आणि चौदा कोटांना बुरशी लागली. साहेबांनी कागद तयार केला की चाचांनी थंड खोलीचं दार उघडं ठेवलं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव होतं.

"गुरुजी, सही करा. घरचे तुमच्या तोंडाकडे बघून आहेत, हे विसरू नका."

मी सही केली. चाचांचा व्हिसा रद्द झाला, आणि तीस वर्षांचा पारखी निष्काळजी निघाला ही बातमी देऱ्याच्या बाजारात प्रत्येक फरच्या दुकानात पोचली. जाताना त्यांनी धाग्यांची दोन्ही रिळं माझ्या हातात ठेवली.

त्या दिवसापासून मी साहेबांच्या एका चुकीची वाट बघत होतो.

काही महिन्यांनी साहेब गोदामात आले, तेव्हा त्यांना मी कातड्यांना बांधलेले धागे दिसले. फरची दृष्ट काढता काय, म्हणून ते हसले आणि हे बंद करा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, लेखी द्या, नाहीतर सवयीनं हात जाईल. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोनवरून ईमेल केला. मी त्याची प्रत काढून कपाटात ठेवली.

त्या हिवाळ्यात साहेबांनी स्वतः, नुसते फोटो बघून, एका दलालाकडून मोठा माल घेतला. कागदावर लिहिलं होतं, कॅनडाचा जंगली बीव्हर, बंद पडलेल्या लिलावाचा शेवटचा माल. मी पहिल्या कातड्यावर फुंकर मारली आणि खालची कातडी उघडी पडली. तो न्यूट्रिया होता, दक्षिण अमेरिकेतला एक पाणउंदीर. लांब केस उपटून कातरला की वरून तो बीव्हरसारखाच दिसतो. मी एक एक कातडं फुंकून पाहिलं. सगळा माल तोच. हात खिशातल्या काळ्या रिळाकडे गेला. मी तो रिकामाच बाहेर काढला आणि माल मांडणीवर लावला.

कझाकस्तानातल्या अल्माटीचा एक जुना व्यापारी माल बघायला आला. मालक बरोबर होते, साहेबही. त्या माणसानं कातडं उचललं, फुंकलं, आणि मालकांच्या हातात दिलं. मालकांनीही फुंकलं.

"खलास," ते हळू म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं की धागा कुठं आहे. चाचांची पद्धत त्यांना ठाऊक होती. मी कपाटातून ईमेलचा कागद आणून दिला. तो वाचून होईपर्यंत साहेब एसीच्या यंत्राकडे बघत राहिले. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी पुढं सांगितलं की कव्हरं साहेबांनी घालायला लावली होती आणि मी सही केलेला चाचांवरचा कागद खोटा होता. नोकरी गेली तर जावो, असं ठरवूनच बोललो.

साहेब मराठीत म्हणाले, "अरे, तुला इथं मी आणलं."

"हो साहेब. म्हणून तर तुमचा प्रत्येक हुकूम पाळला."

महिन्याभरात साहेब गेले. मला मालकांनी ठेवलं, का ते त्यांनी सांगितलं नाही. चाचांना त्यांनी माझ्यासमोर फोन केला, माफी मागितली, परत बोलावलं. नजर गेली आता, म्हणून चाचा आले नाहीत. त्यांनी फक्त आपल्यावरचा ठपका खोटा होता असं पत्र मागितलं. ते मीच टाइप केलं आणि देऱ्याच्या प्रत्येक दुकानात हातानं नेऊन दिलं.

नंतर मी चाचांना फोन करून सगळी हकिगत चवीनं सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं,

"काला धागा क्यूँ नहीं बाँधा?"

मी ईमेलचं सांगितलं.

"साहब का नहीं पूछा. तूने क्यूँ नहीं बाँधा?"

दुसऱ्या दिवशी मी तो सगळा माल खाली काढला आणि प्रत्येक कातड्याला काळा धागा बांधला, जरी आता तो काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बोटं गारठली होती. दर गाठीला एसीकडे बघणारा साहेबांचा चेहरा आठवत होता, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.